आखूड धावपट्टी आणि उभी चढण

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी माळावर उतरलेली गिधाडे पाहिली असतील. आता ते दृश्य दुर्मिळ झाले आहे. मेलेल्या जनावरावर यथेच्छ ताव मारलेले गिधाड माणसाची चाहूल लागताच उडू पाहते. पण ते त्याला चटकन साधत नाही. पंख पसरून ते बेंगरूळपणे उड्या मारीत धावत सुटते, आणि बरेच अंतर गेल्यावर कुठे त्याचे पाय जमीन सोडतात. फारच घाई झाली तर खाल्लेले ओकून टाकून ते हलके होते. उलट आपल्या अंगणातला पारवा पाहा. मांजराची सावली दिसली पुरे, तो जागच्या जागी पंख फडफडवतो आणि जवळजवळ उभाच वर जातो. दोघांचे आकाश एकच, हवाही तीच. फरक पडतो तो अंगावरच्या वजनाचा आणि अंगातल्या बळाचा. प्रवासी विमानांविषयी आज मला जे सांगायचे आहे, त्याचे बीज या दोन पाखरांत आहे.

भर शहरातल्या, आखूड धावपट्टीच्या विमानतळावरून जेट विमानाने निघण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना तो अनुभव सहसा विसरता येत नाही. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहते. ब्रेक दाबलेले असतानाच इंजिनांचा आवाज वाढत जातो, सारे अंग थरथरते, आणि मग बांधून ठेवलेले जनावर सुटावे तसे विमान सुटते. पाठ खुर्चीला चिकटते. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर पुढचे चाक उचलले जाते आणि समोरची खुर्ची डोक्याच्या वर गेल्यासारखी भासते. खिडकीतून पाहावे तर घरांची छपरे झरझर लहान होत असतात. शेजारचा उतारू हाताची मूठ आवळून डोळे मिटून बसलेला असतो. त्याच्या मनात एकच विचार असतो : धावपट्टी पुरली नाही म्हणून वैमानिकाने जिवावर उदार होऊन विमान वर ओढले, आणि आता ते मागच्या मागे कोसळणार!

ही समजूत साहजिक आहे. पण ती खरी नाही. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी आपण लंडनला जाऊ.

लंडनच्या पूर्वभागात थेम्स नदीच्या काठी एके काळी मोठमोठ्या गोद्या होत्या. जहाजांचा व्यापार उठला आणि १९८१ पर्यंत तिथल्या रॉयल गोद्या ओस पडल्या. त्यांपैकी रॉयल आल्बर्ट आणि किंग जॉर्ज पंचम या दोन गोद्यांच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिच्यावर १९८७ साली ‘लंडन सिटी’ नावाचा विमानतळ सुरू झाला. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, भोवती वस्ती आणि पश्चिमेला नवी व्यापारी नगरी. पंख्याची छोटी विमानेच तिथे उतरू शकतील, अशी आरंभीची कल्पना होती. १९९२ साली धावपट्टी वाढवण्यात आली आणि चार इंजिनांचे ‘बीएई-१४६’ हे जेट विमान तिथे येऊ लागले. आज या धावपट्टीची एकूण लांबी १५०८ मीटर आहे. परंतु उड्डाणाच्या धावेसाठी तिच्यातले ११९९ मीटरच हिशेबात धरतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची लांबी साडेतीन किलोमीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आखूडपणाची कल्पना येईल.

विमान जमीन का सोडते? पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहू लागली की पंखांना वरच्या दिशेने मिळणारी उचल विमानाच्या वजनाइतकी होते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यम आकाराच्या जेट विमानाला जमीन सोडण्यासाठी ताशी २४० किलोमीटर वेग लागतो असे समजू. दर सेकंदाला दोन मीटर प्रतिसेकंद या गतीने त्याचा वेग वाढत गेला, तर त्याला सुमारे ३३ सेकंद लागतील आणि तेवढ्यात ते ११०० मीटर धावलेले असेल. लंडनच्या त्या पट्टीत हे कसेबसे बसते. पण एवढ्याने भागत नाही. धावता धावता एक इंजिन बंद पडले तर काय, याचे उत्तर विमान जागचे हलण्यापूर्वीच तयार असावे लागते.

यासाठी प्रत्येक उड्डाणापूर्वी एक ‘निर्णयवेग’ ठरवतात. त्या वेगाच्या आत बिघाड झाला तर ब्रेक लावून उरलेल्या पट्टीवर थांबता आले पाहिजे. त्या वेगानंतर झाला तर थांबायचे नाही. उरलेल्या इंजिनावर धाव पूर्ण करून, ठरवून दिलेल्या अंतराच्या शेवटी निदान ३५ फूट, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर, उंची गाठता आली पाहिजे. दोन्ही अटी एकाच पट्टीत बसवायच्या. पट्टी लांब असेल तर त्या सहज बसतात. आखूड असेल तर हाती दोनच उपाय राहतात : बळ वाढवा किंवा वजन घटवा. बहुधा दोन्ही करावे लागतात.

वजन घटवण्याचा गुण दुहेरी आहे. हलक्या विमानाला उडण्यासाठी वेग कमी लागतो, आणि तो वेग ते लवकरही गाठते. त्यामुळे वजन एक-पंचमांशाने कमी केले तर धाव एक-तृतीयांशाहूनही थोडी अधिक घटते. आपल्या गिधाडाला हे गणित कोणी शिकवले नव्हते; पण पोट रिकामे करताना ते हेच गणित सोडवीत असते.

आता बळाचा विचार करू. आपल्यापैकी पुष्कळांना असे वाटते की विमान उडताना इंजिने नेहमीच आपल्या पुऱ्या ताकदीने चालतात. तसे नसते. लांब धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम कमी रेटा वापरतो. त्याची एक गमतीदार रीत आहे. हवा तापली की ती विरळ होते आणि इंजिनाचा रेटा कमी पडतो. म्हणून बाहेर तीस अंश तापमान असताना ते पन्नास अंश आहे असे यंत्रणेला सांगतात. मग इंजिने त्या कल्पित उन्हाळ्यात जेवढा रेटा मिळाला असता तेवढाच देतात. असा पंचवीस टक्क्यांपर्यंत रेटा कमी करण्याची मुभा आहे. त्यामुळे इंजिनाचे तापणे कमी होते, त्याचे आयुष्य वाढते, देखभालीचा खर्च वाचतो. पट्टी लांब आहे, तर थोडे अधिक धावून निवांत उडाले म्हणून बिघडले कुठे? आपल्याला सवय आहे ती या निवांत उड्डाणाची. आखूड पट्टीवर ही चैन परवडत नाही. तिथे इंजिनांकडून सारा रेटा मागून घ्यावा लागतो.

म्हणजे आखूड पट्टीवरचे विमान एकाच वेळी हलके असते आणि पुऱ्या बळाने निघालेले असते. ही दोन्ही कारणे जमीन लवकर सोडण्यासाठी योजलेली असतात. पण चाके उचलली गेल्यावर ती नाहीशी होत नाहीत. जमिनीवर जे बळ वेग वाढवीत होते, तेच आता विमानाला वर चढवते. गिधाड म्हणून जे निघाले असते, ते पारव्यासारखे निघते. उभी चढण येते ती इथून.

हे चढणे नेमके कशावर अवलंबून असते, ते समजण्यासाठी घरच्या हिशेबाचे उदाहरण घेऊ. एका घरात दोघे मिळवते आहेत. प्रत्येकाची मिळकत १२ रुपये, म्हणजे एकूण २४. घराचा अटळ खर्च ९ रुपये. शिल्लक उरते १५. आता एकाची मिळकत बंद झाली. उत्पन्न निम्मे झाले, १२ वर आले. खर्च मात्र ९ चा ९ च राहिला. शिल्लक उरली ३. उत्पन्न अर्धे झाले, पण शिल्लक एक-पंचमांशावर आली. विमानाचेही असेच आहे. इंजिनांचा रेटा हे उत्पन्न, हवेचा रोध हा खर्च, आणि वजनाच्या मानाने जी शिल्लक उरते ती चढण. दोन्ही इंजिने चालू असताना जे विमान दर शंभर मीटरांमागे पंधरा मीटर वर चढते, ते एका इंजिनावर तीनच मीटर चढेल. प्रत्यक्षात बंद इंजिनाचे ओझे आणि तिरकी ओढ यांमुळे खर्च थोडा वाढतोही.

नियमांनी पाहिली आहे ती ही आपत्काळची शिल्लक. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडून चाके आत घेतल्यावरही, शंभर मीटरांमागे किमान २.४ मीटर चढलेच पाहिजे. तीन इंजिनांच्या विमानाने २.७ आणि चार इंजिनांच्या विमानाने ३ मीटर. एवढी शिल्लक राहील अशा बेताने प्रत्येक उड्डाणाचे वजन ठरवतात. एक इंजिन गेले तरी चढता आले पाहिजे, असे ज्याच्याविषयी आधीच ठरवले आहे, ते विमान दोन्ही इंजिनांवर निघाले की मुसंडी मारून वर जाणारच. तेव्हा मूठ आवळून बसलेल्या त्या उतारूला आपण असे सांगू शकतो : तुला जो उभा चढ भीतिदायक वाटतो, ती या विमानाची गाठीला बांधलेली पुंजी आहे. ती संकटासाठी राखलेली आहे, आणि संकट आलेले नाही म्हणून ती तुला दिसते आहे.

लंडनमध्ये तर नियमाचा किमान आकडाही पुरत नाही. धावपट्टीच्या पश्चिमेला चार-साडेचार किलोमीटरांवर २३५ मीटर उंचीचा मनोरा १९९१ पासून उभा आहे. २.४ च्या चढणीने त्या अंतरावर पोचलेले विमान सव्वाशे मीटरही उंच गेलेले नसेल. म्हणून अशा ठिकाणी भोवतालच्या प्रत्येक अडथळ्याचा निराळा हिशेब मांडावा लागतो. त्यानुसार वजन आणखी उतरवतात किंवा एक इंजिन गेले तर कोणत्या वाटेने वळायचे ते आधीच आखून ठेवतात. उतरण्याची तऱ्हाही अशीच वेगळी. बहुतेक विमानतळांवर विमाने सुमारे तीन अंशांच्या उताराने खाली येतात. इथे साडेपाच अंशांनी येतात. त्यासाठी विमानांना खास मान्यता आणि वैमानिकांना खास शिक्षण लागते.

आता कोसळण्याच्या भीतीविषयी. विमानाचे नाक वर झाले म्हणजे ते पडेल, हा समज चुकीचा आहे. पंखांची उचल हरवते ती नाक क्षितिजापासून किती वर आहे यामुळे नव्हे, तर पंख समोरून येणाऱ्या हवेला किती तिरके भिडतात यामुळे. विमान जेव्हा स्वतःच वरच्या दिशेने जात असते, तेव्हा समोरची हवाही त्याला त्याच दिशेकडून भेटत असते. नाक अठरा अंश वर असेल आणि विमानाची वाटच दहा अंश चढती असेल, तर पंखांच्या वाट्याला येणारा तिरकेपणा त्या दोहोंच्या फरकाएवढाच असतो. वैमानिकाची नजर वेगाच्या काट्यावर खिळलेली असते. वेग ठरलेल्या आकड्याखाली जाऊ लागला तर तो नाक उतरवतो. वाढू लागला तर आणखी उचलतो. बळ भरपूर असल्यामुळे नाक उचलावे लागते, असाच त्याचा अर्थ.

शिवाय आपली इंद्रियेही आपल्याला फसवतात. वेग वाढत असताना पाठीला जो दाब जाणवतो, त्याचा आणि गुरुत्वाकर्षणाचा भेद कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला करता येत नाही. दोहोंची बेरीज करून तो मेंदूला कळवतो की आपण मागे कलंडत आहोत. म्हणून प्रत्यक्ष चढ असतो त्यापेक्षा तो कितीतरी अधिक उभा वाटतो.

वजन घटवायचे, हे बोलायला सोपे. पण घटवायचे कोणते? त्याचे बोलके उदाहरण या लंडन सिटी विमानतळावरच घडले. २००९ साली ब्रिटिश एअरवेजने तिथून थेट न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. विमान होते एअरबस ए-३१८. त्यात शंभराहून अधिक माणसे सहज बसतात, पण इथे केवळ ३२ आसने ठेवली होती. एवढे करूनही अटलांटिक महासागर ओलांडण्यापुरते इंधन भरून त्या आखूड पट्टीवरून उडणे शक्य नव्हते. तेव्हा विमान थोडक्या इंधनावर हलक्या अंगाने निघे, आयर्लंडमधल्या शॅनन येथे लांब धावपट्टीवर उतरे, तिथे टाक्या भरून घेई आणि मग समुद्रावर जाई. परतताना मात्र न्यूयॉर्कची लांब पट्टी असे, म्हणून ते थेट लंडनला येई. ही सेवा २०२० साली बंद पडली. ती चालू असेपर्यंत हजारो उतारूंनी विमानविद्येतला एक नियम अनुभवला : धावपट्टी आखूड असेल तर पल्ला आखूड होतो.

असाच एक प्रसंग आपल्या मुंबईतही घडला होता. १९५३ साली ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या लहान विमानतळावर उतरले. ब्रेकच्या बळावर उतरणे जमून गेले. खरा प्रश्न पुढेच होता. सर्व ओझ्यासह त्या पट्टीवरून उडणे अवघड. पण शेजारच्या सांताक्रूझला जाण्यासाठी ना उतारूंची गरज, ना दूरच्या प्रवासाच्या इंधनाची. काही दिवसांनी ते विमान जुहूहून उडवून नेण्यात आले.

आतापर्यंत आपण विमानात बसलेल्या माणसाचा विचार केला. पण नगरातल्या विमानतळाला दुसराही एक पक्ष असतो, आणि त्याने तिकीट काढलेले नसते. तो आपल्या घरात झोपलेला असतो, मुलाचा अभ्यास घेत असतो, किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसलेला असतो. उभ्या चढणीचा त्याच्याशीही संबंध आहे. आवाज उगमापासून जसजसा दूर जाईल तसतसा विरतो. अंतर दुप्पट झाले की तो सुमारे सहा डेसिबलांनी उतरतो. विमान जितके उभे चढेल, तितके ते वस्तीवर येईपर्यंत उंच गेलेले असेल.

या गोष्टीचे सर्वांत ठळक रूप अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत पाहायला मिळते. तिथल्या जॉन वेन विमानतळाची मुख्य धावपट्टी ५७०१ फूट, म्हणजे सुमारे १७३८ मीटर आहे. तिच्या दक्षिणेस न्यूपोर्ट बीच हे गाव आणि त्यापलीकडे समुद्र. विमाने बहुधा गावावरूनच समुद्राकडे जातात. गावकऱ्यांनी आवाजाविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि १९८५ साली काउंटी, शहर व नागरिकांच्या संघटना यांच्यात समझोता झाला. तो पुढे वेळोवेळी सुधारून चालू ठेवण्यात आला आहे. रात्री दहानंतर तिथून प्रवासी जेट उडत नाही. सकाळी सातला, रविवारी आठला, पुन्हा उड्डाणे सुरू होतात. मार्गावर ठिकठिकाणी ध्वनिमापक यंत्रे बसवलेली आहेत आणि प्रत्येक उड्डाणाचा आवाज ती टिपत असतात.

त्यामुळे तिथले उड्डाण दोन अंकी नाटकासारखे झाले आहे. पहिल्या अंकात विमान पुऱ्या बळाने तीव्र चढते. वस्तीवर येण्याच्या बेताला दुसरा अंक सुरू होतो : वैमानिक एकाएकी रेटा कमी करतो, नाक जरा खाली येते, केबिनमध्ये शांतता पसरते. पोटात खड्डा पडतो. इंजिनच बंद पडले की काय असे नवख्याला वाटते. विमान तेव्हाही चढतच असते, मात्र हळू. समुद्र आला की इंजिने पुन्हा घुमू लागतात. या रेटा घटवण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या नियमनानुसार जमिनीपासून ८०० फुटांच्या, म्हणजे सुमारे २४५ मीटरांच्या आत रेटा कमी करायचा नाही. आणि त्यानंतरही एक इंजिन गेल्यास चढण टिकेल, याची तजवीज ठेवायची. शेजाऱ्याच्या झोपेसाठी आपली पुंजी थोडी खर्चावी, पण मुद्दलाला हात लावू नये, असा हा व्यवहार आहे.

म्हणून या प्रश्नाचा निकाल केवळ यंत्रज्ञाने लावता येत नाही. इंजिने पूर्वीपेक्षा पुष्कळ शांत झाली आहेत. थोडी हवा प्रचंड वेगाने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा मंद वेगाने ढकलण्याची युक्ती त्यांना साधली आहे. तरीही विमानांची संख्या वाढली की शांततेचा तो लाभ पुन्हा आटतो. लंडन सिटी विमानतळ रात्री बंद असतो, आणि शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंतही. २०२४ साली वर्षाकाठी ६५ लाखांऐवजी ९० लाख उतारू नेण्याची त्याची मागणी सरकारने मान्य केली. परंतु शनिवारच्या दुपारी विमाने उडवण्याची मागणी नाकारली. आठवड्यातले ते चोवीस तास शेजाऱ्यांचे आहेत, हे राज्यकर्त्यांनी मानले.

पुन्हा कधी आपण अशा एखाद्या आखूड पट्टीवरून निघालात आणि समोरची खुर्ची डोक्यावर चढू लागली, तर डोळे मिटून घेऊ नका. खिडकीतून खाली पाहा. त्या झपाट्याने लहान होणाऱ्या छपरांपैकी एखाद्याखाली कोणी तरी नुकतेच झोपी गेलेले असेल. त्याचे कोणी आप्त त्याच्या खाटेजवळ बसून वरून जाणारा आवाज विरण्याची वाट पाहत असेल. आपण जितक्या लवकर वर जातो, तितक्या लवकर तो आवाज विरतो.